तीन फुटांच्या आत

किनहेवन, फाइफ
१९ सप्टेंबर

स्ट्रुआन यास,

तुझ्या कंपनीने बाजारात आणलेल्या पटरच्या नावात चूक आहे. ‘इन्फेलिक्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अचूक’ असा होत नाही. त्याचा अर्थ दुर्दैवी, अभागी. फार तर, झाडाबद्दल बोलत असल्यास, फळ न धरणारे. न चुकणारा या अर्थाचा शब्द निराळा आहे आणि तो तू माझ्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसून पाठ केला होतास. गोल्फचा चेंडू खळग्यात लोटण्याच्या काठीला ‘अभागी’ असे नाव द्यायचे, आणि वेष्टनावर मात्र ‘तीन फुटांच्या आत चुकणे अशक्य’ असे छापायचे, यात भाषेचा अपमान अधिक की ग्राहकाचा, हे मला ठरवता आलेले नाही.

हे नाव दोन वर्षांपूर्वी प्रथम छापून आले, तेव्हाच मी तुला लिहायला बसलो होतो. तुझ्या आईने टोपण काढलेले पेन माझ्या हातातून काढून घेतले. “इतक्या वर्षांनी पोराला पहिलं पत्र लिहिणार, आणि त्यात लाल शाई?” असे ती म्हणाली. पेन तिने परत दिले नाही. गेल्या आठवड्यात ते मला तिच्या शिवणाच्या डब्यात सापडले.

परंतु हे पत्र लिहिण्याचे कारण ते नव्हे.

सोमवारी मी क्लबच्या दुकानात चेंडू घ्यायला गेलो. दार उघडले, तर समोर तुझी आई उभी. निळा स्वेटर, डोक्याला तिचा ठिपक्यांचा रुमाल, हातात तुमचा तो पटर. मी टोपी काढली. सवयीने काढली. त्यानंतर माझ्या ध्यानात आले की ती पुठ्ठ्याची आहे. तिच्या छातीवर अक्षरे छापली आहेत: “अख्ख्या हंगामात तीन फुटांच्या आतला माझा एकही चेंडू हुकला नाही. — सौ. नेटा इम्री, किनहेवन.”

टॅम प्रिंगल गल्ल्यामागे बसून सँडविच खात होता. तो ते हातात तसेच धरून उठला.

“मास्तर, बसा. पाणी देऊ?”

“हे काय आहे, टॅम?”

“कंपनीनं पाठवलंय. सगळ्या दुकानांत उभी केलीय म्हणे. पार एडिनबरापर्यंत.” मग सँडविच गल्ल्यावर ठेवून, “खरं सांगू का, मला बरं वाटतं. सकाळी दुकान उघडलं की मी म्हणतो, काय नेटाबाई, झोप झाली का? लोकही म्हणतात. काढू का?”

मी ‘काढ’ असे म्हणालो. तो म्हणाला की तसे करण्यास कंपनीची लेखी परवानगी लागते. ती तू पाठवावीस, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

तिच्या अंत्यविधीनंतरच्या चहाच्या वेळी हाच विषय निघाला होता. तुझ्या आईचे नाव खोट्या मालावरून उतरव, इतकेच मी म्हणालो होतो. तू सर्वांसमक्ष म्हणालास, “ते तिनं मला दिलं होतं. तुम्ही आयुष्यात कुणाला कधी काही दिलंय का, बाबा?” आणि सॉसेज रोल हातात घेऊन निघून गेलास. तू विसरलेली छत्री तिची मैत्रीण फेमी लॉकहार्ट हिने ठेवून घेतली आहे.

कळावे.

एफ. इम्री


किनहेवन
२७ सप्टेंबर

स्ट्रुआन यास,

तुझे उत्तर मिळाले. म्हणजे तुझ्या कार्यालयाचे मिळाले. ‘आदरणीय श्री. इम्री’ या मायन्याबद्दल आभार. तू मला इतकी वर्षे दुसऱ्या कोणत्या तरी मायन्याने ओळखत होतास असे वाटते, पण त्याबद्दल तक्रार नाही. शिष्टाचार मीच शिकवला.

या पत्राची एक प्रत क्लबच्या समितीकडे जाईल, म्हणून काही गोष्टी तुला ठाऊक असूनही सविस्तर लिहीत आहे.

लीड्स येथील ट्रिम्बल नावाच्या दंतवैद्याने तुमचा पटर विकत घेतला. तो खळग्याभोवतीच्या हिरवळीवर तीन फुटांवरून सलग हुकला आणि त्याचे मित्र हसले. त्याने जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली की सौ. इम्री यांचे विधान असत्य असून, अशी स्त्री अस्तित्वात तरी आहे काय, याचीही चौकशी व्हावी. या दुसऱ्या मागणीमुळे मला दोन दिवस जेवण गेले नाही.

तुमचे वकील सांगतात की चौकशी पूर्ण होईपर्यंत पुतळे हलवता येणार नाहीत, कारण हलवले तर गुन्हा कबूल केल्यासारखे दिसेल. विधान खोटे ठरले तर ते तसे जाहीर छापले जाईल, तुझ्या आईच्या नावानिशी. आणि ज्याने ते विधान आणले, त्या कर्मचाऱ्याची, म्हणजे तुझी, नोकरी राहणार नाही. हे त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत कळवले आहे. तिच्या अखेरच्या हंगामात प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्याबरोबर खेळणारा मनुष्य एकच होता. म्हणून मी सही करावी यासाठी त्यांनी मसुदाही धाडला आहे. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या. त्या दुरुस्त करून मी तो परत पाठवला. सही केलेली नाही.

आता नियम. दोघांच्या सामन्यात एखाद्याचा चेंडू खळग्याच्या अगदी जवळ येऊन थांबला, तर प्रतिस्पर्धी त्याला “उचल, दिला” असे म्हणू शकतो. म्हणजे तो फटका मारल्याशिवाय पडला असे धरतात. असे देणे हा हक्क आहे, बंधन नाही. मी पूर्वी हा हक्क वापरत नसे, हे समितीला माहीत आहे. मला क्लबात ‘संपवा-मास्तर’ म्हणतात हेही मला माहीत आहे. चेंडू बुटाच्या अंतरावर असला तरी मी “संपवा” असेच म्हणत असे. कारण अर्धे वाक्य हे वाक्य नसते आणि न पडलेला चेंडू हा पडलेला चेंडू नसतो.

तुमच्या वकिलांचा प्रश्न असा: सौ. इम्री यांचा त्या हंगामात तीन फुटांच्या आतून एखादा तरी चेंडू हुकला काय?

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला आहे काय, हे मला तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी अवधी लागेल.

एफ. इम्री, एम. ए.


किनहेवन
११ ऑक्टोबर

स्ट्रुआन,

या पत्राची प्रत कोणालाही जाणार नाही.

मी तो पटर तपासला. तुझ्या आईचा, जो दारामागे छत्र्यांच्या शेजारी उभा असतो. मूठ अजून तिच्या हाताच्या मापाने दबलेली आहे. काठीच्या टोकाला एक भिंग बसवले आहे आणि त्यात एक पाऱ्यासारखा थेंब हलतो. चेंडू रेषेत असेल तर तो स्थिर होतो, असे तुमच्या पत्रकात म्हटले आहे. तो स्थिर होत नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पटर आडवा ठेवला, तेव्हाही तो थेंब थरथरत होता. हा दोष आहे की वैशिष्ट्य, ते तुम्ही नमूद केलेले नाही.

बुधवारी सरावाच्या हिरवळीवर गेलो. समुद्राकडून धुके आले होते, तेव्हा कोणी पाहणार नाही असा माझा अंदाज होता. मी तीन फुटांवरून सुरुवात केली. थोड्या वेळाने धुक्यातून फेमी लॉकहार्टचा कुत्रा आला, आणि कुत्र्यामागून फेमी. बंदराच्या कोपऱ्यावर तिचे औषधांचे दुकान होते, तेव्हा खोकल्याचे कडू औषध तुला तिनेच पाजले होते. तू तिच्या बोटाला चावला होतास.

“फार्कर, बरं नाही का तुला? या गारठ्यात एकटाच काय लोटत बसलायस?”

“एका विधानाची शहानिशा करतो आहे.”

“किती पडले?”

“अद्याप समाधानकारक निष्कर्ष हाती आलेला नाही.”

“म्हणजे एकही नाही.” ती बाकावर बसली आणि थर्मासमधून मसुराचे सूप ओतून तिने मला दिले. “नेटाचा तर एकही हुकला नव्हता.”

“तेच तपासतो आहे.”

“त्यात तपासायचं काय, मास्तर? हुकायला आधी मारावा लागतो. तू तिला मारू दिलास कुठे?”

मी म्हणालो की ती आम्हा उभयतांमधली खासगी बाब होती.

“खासगी! अरे, अख्खा क्लब खिडकीला नाक लावून उभा असायचा. संपवा-मास्तर गॅनेट पक्ष्यांकडे बघत ‘उचल गं, दिला’ म्हणतोय, आणि आमचे चहा गार. हेन्डर्सन तर म्हणाला, याला डॉक्टरकडे न्या.”

येथे मला काही गोष्टी लिहिणे भाग आहे. तू दूर होतास आणि दूरध्वनीवर तुझी आई प्रकृतीबद्दल नेहमी एकच उत्तर देई. तिच्या हातांना कंप सुटला होता. लांबचे फटके तिला अखेरपर्यंत जमत. अंगाच्या पूर्ण झोकात तो कंप कोठे तरी हरवून जाई. चेंडू हिरवळीवर आला, हालचाल लहान झाली, की तो परत येई. तो हंगाम सुरू होण्याआधीच्या एका शुक्रवारी, सातव्या हिरवळीवर, ती चेंडूवर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. पटरचे टोक चेंडूला टेकत होते, सुटत होते. ती मला “जरा थांब हं” म्हणाली. त्या वेळी माझ्या तोंडून ते शब्द निघाले. मी ते पूर्वी कधी उच्चारले नव्हते, त्यामुळे उच्चार नीट झाला नसावा. तिने मान वर केली. मी समुद्रातल्या बेटाकडे पाहत होतो. तिथे त्या दिवशी गॅनेट पुष्कळ होते.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी दिला. शेवटी शेवटी माझे तीन फूट बरेच ऐसपैस झाले होते. भूमितीच्या शिक्षकाला ते मान्य झाले नसते. तिच्या हे लक्षात आले नाही, अशी माझी समजूत होती.

“लक्षात आलं नाही?” फेमी हसली. मग तिचे हसू थांबले. “ती काय म्हणायची सांगू? ‘चेंडू हिरवळीवर आला रे आला की ह्याला पक्षी दिसायला लागतात. मला कळलंय असं दाखवलं, तर बिचारा ओशाळा होईल, आणि पुन्हा संपव म्हणेल. मग मी हुकेन. आणि मी हुकलेली त्याला बघवायची नाही, फेमी.’”

सूप गार झाले. फेमीने ते माझ्या हातातून घेऊन कुत्र्याला दिले.

“आणि त्या जाहिरातीचं?” मी विचारले.

“पोरानं फोनवर विचारलं, आई, एखादा हुकला का गं? ही म्हणाली, एकही नाही. ‘मी खरं तेच सांगितलं,’ म्हणायची. ‘मारले किती, ते त्यानं विचारलंच नाही.’ आठवडाभर हसत होती. तो फोटो काढायचा म्हणून केस सेट करून आली होती माझ्याबरोबर. म्हणाली, ‘फोटोत बघ फेमी, माझे हात कसे गप्प आहेत.’”

हे मी तुला कळवणे आवश्यक होते. पुढे काय करायचे ते मला अजून उमगलेले नाही. तुमच्या मसुद्यावर सही केली तर मी खोटे बोललो असे होत नाही. पण खरे बोललो असेही होत नाही.

वडील


किनहेवन
२८ ऑक्टोबर

स्ट्रुआन,

मी तुमच्या मसुद्यावर सही न करता स्वतःचे निवेदन त्या संस्थेकडे धाडले. तुझ्या वकिलांना ते आवडणार नाही. तुला मात्र ते माझ्याकडून समजावे.

मी लिहिले की सौ. नेटा इम्री ही स्त्री अस्तित्वात होती, आणि याबाबत श्री. ट्रिम्बल यांना संशय असल्यास त्यांनी किनहेवनमधील कोणत्याही दुकानात विचारावे. तिचे विधान अक्षरशः सत्य आहे. तीन फुटांच्या आतला तिचा एकही चेंडू हुकला नाही. तसा एकही चेंडू तिने मारलाही नाही. प्रत्येक चेंडू प्रतिस्पर्ध्याने दिला होता, आणि तो प्रतिस्पर्धी मी होतो. यावरून पटरच्या गुणवत्तेविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. काढायचाच असेल तर तो तिच्या पतीविषयी काढावा, आणि त्याबद्दल त्यास काही म्हणावयाचे नाही. शेवटी मी ‘इन्फेलिक्स’चा खरा अर्थ तळटीपेत दिला.

मी हे लिहिल्याने तुझी नोकरी जाऊ शकते, हे ठाऊक असताना लिहिले. तिला खोटारडी म्हणू देणे मला शक्य नव्हते, आणि तिच्या नावावर लोकांनी हुकत राहणे तिलाही पसंत पडले नसते. तिसरा मार्ग मी शोधला. सापडला नाही.

काल कंपनीचा हुकूम आला: सर्व पुतळे काढून नष्ट करावेत. टॅमने मला बोलावून घेतले. तो दुकानाच्या दारात हातात मोठी कात्री घेऊन उभा होता.

“मास्तर, पुठ्ठा कापून कचऱ्यात द्यायचाय म्हणे. मला नाही जमायचं. तुम्ही कापता?”

मी म्हणालो, “तिला गाडीत ठेव.”

“गाडीत?”

“पुढच्या आसनावर. ती मागे बसत नाही, तिला मळमळते.”

टॅमने तिला नेले. गुडघ्यात दुमडावी लागली. मग त्याने तिला पट्टा लावला. मी गाडी हळू चालवली. वाटेत चर्चपाशी पाद्र्यांच्या पत्नीने हात केला, मी हात केला. पुढे वळणावर मला जाणवले की तिने हात माझ्यासाठी केला नव्हता.

सध्या ती जिन्याखाली उभी आहे. तुला मी मुळात पत्र लिहिले ते तिला हलवावे म्हणून. ती विनंती मी मागे घेतो.

तुझा,
वडील


किनहेवन
९ नोव्हेंबर

प्रिय स्ट्रुआन,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी सवयीने रिसीव्हर उचलून म्हणालो, “थांब हं, आईला देतो.” आणि तसा तो धरून उभा राहिलो, जिन्याकडे तोंड करून. तुझा श्वास ऐकू येत होता. इतकी वर्षे मी त्या फोनच्या शेजारी उभा राहून ‘तो काय म्हणतोय’ एवढेच विचारत आलो. तुझा श्वास असा ऐकू येतो हे तिने मला कधी सांगितले नव्हते.

नंतर तू जे सांगितलेस, ते मी नीट ऐकले. मला मधे बोलायची सवय आहे, ती मी आवरली. तुझी नोकरी टिकली, मात्र तुला हातमोज्यांच्या विभागात टाकले. “हातमोज्यांबद्दल फारसं खोटं बोलताच येत नाही, बाबा. हात जातो किंवा जात नाही,” हे तुझे वाक्य मी फेमीला सांगितले. ती म्हणाली की तू आता माणसात आलास. छत्रीही परत द्यायला तयार आहे.

मग तू म्हणालास की तुला माहीत होते. गेल्या वर्षी वसंतात तू इथे आला होतास, तेव्हा पाय दुखतो असे सांगून क्लबच्या खिडकीत बसला होतास. तिथून तू सातवी हिरवळ पाहिलीस: आई वाकलेली, आणि मी आभाळाकडे पाहत काही तरी पुटपुटतो आहे, आणि ती चेंडू उचलते आहे. “मी किती मारले ते विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं, बाबा. मला फक्त तिचं वाक्य हवं होतं. तिला फोटो हवा होता. आणि मी ते विकलं.” असे तू म्हणालास. तुझा आवाज चौथीत नापास झालास तेव्हा जसा होता तसा झाला.

आणि नाव. ते मला सांगताना तू हसायला लागलास आणि मधेच थांबलास. ‘इन्फेलिक्स’चा अर्थ तुला पक्का ठाऊक होता. बैठकीत कोणीतरी सुचवलेले ते नाव तू मुद्दाम उचलून धरलेस. “म्हटलं, लॅटिनमधली एवढी मोठी चूक पेपरात छापून आली, तर बाबांना राहवणार नाही. दुरुस्त करायला तरी एक पत्र लिहितील. दोन वर्षं रोज पोस्ट बघत होतो.”

ते पेन शिवणाच्या डब्यात होते, स्ट्रुआन. आम्ही दोघांनी, तिने आणि मी, तुझ्या त्या पत्राला दोन वर्षे उशीर केला. तिला ठाऊक असते तर पेन तिनेच आणून दिले असते.

शेवटी तू विचारलेस, “बाबा, रागावलात का?” त्यावर मी, घड्याळाला किल्ली द्यायची राहिली आहे, असे सांगून फोन ठेवला. आपले घड्याळ बॅटरीवर चालते, हे तुला माहीत आहे. मला बोलता येत नव्हते. म्हणून लिहीत आहे.

शुक्रवारी ये. ल्यूकर्स स्थानकावर मी गाडी घेऊन उभा राहीन. तुला मागे बसावे लागेल, कारण फेमीही येणार आहे आणि ती पुढची जागा सोडत नाही. जेवायला बार्लीचे सूप आहे. तुझ्या आईसारखे होत नाही, पण खाता येते. नंतर उजेड असेपर्यंत सातव्या हिरवळीपर्यंत जाऊ. तुझ्या आईचा पटर तू घे. त्याच्या भिंगातला थेंब अजून थरथरतो. मला आता तो दोष वाटत नाही.

तू जे सांगितलेस, ते अर्ध्यावर थांबवून तू माझ्याकडे पाहत उभा आहेस असे मला सारखे दिसते. काठी हातात, चेंडू खळग्याच्या अलीकडे. तो तीन फुटांच्या आत आहे की बाहेर, ते मोजायला मी वाकणार नाही.

उचल रे. दिला.

बाबा